काळजीची वही : मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांतल्या प्रकल्प नोंदी

२८ मे २०२५ : आखणी

यंदा मान्सून २५ मेलाच देवगडापर्यंत आला. एरवी आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांना जूनचा पहिला आठवडा तरी मिळतो, तो गेला. लाकडं ओली, कौलं परतायची राहिलेली, होड्या घाईघाईत वर ओढून मिळेल त्या झापांनी आणि ताडपत्रीने शाकारलेल्या. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद. उत्पन्न थांबतं, हप्ते चालूच राहतात. माणसं घरात, बाहेर धो धो, लाईटचा भरवसा नाही. काळजी करत बसायला याहून मोकळा वेळ वर्षात मिळत नाही, म्हणून प्रकल्प याच दोन महिन्यांत धरला.

जागा : हर्णै-आंजर्ले पट्ट्यातल्या एका गावच्या वाचनालयाची मागची खोली. दर गुरुवारी, दुपारी चार ते सव्वापाच. येणारे लोक बोटवाले, खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका, आंबा-सुपारीचे बागायतदार आणि घरगुती खानावळ किंवा निवास चालवणारे.

हेतू मोजकाच : रोजच्या काळजीला एक वेळ, एक जागा आणि एक वही नेमून देणं. आजारावर उपचार हा हेतू नाही. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य सत्रात कोणी उच्चारायचं नाही, चालवणाऱ्यांनीही नाही. ते ऐकून कोणाचं टेन्शन उतरल्याचं ऐकिवात नाही.

सामान माणशी : शंभर पानी एकरेघी वही, दोन एचबी पेन्सिली, शार्पनर, झिपची प्लास्टिक पिशवी. पेन मुद्दाम टाळलं. पावसाळ्यात कागद दमट होतो, जेलची शाई फुटते आणि चार दिवसांनी आपलंच लिहिलेलं वाचता येत नाही. वेळ मोजायला चावीचा किचन टायमर, पाच घरांत एक. मोबाईलचा गजर चालणार नाही, कारण गजर बंद करायला फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतं आणि नवीन काळजी तिथूनच येते.

वही पुरणार नाही अशा खुणाही आजच ठरवून घेतल्या : जगणं नकोसं वाटतं असं बोलणं, दोन आठवड्यांहून जास्त सलग उदासी, जेवण-झोप पार बिघडणं, रोजची दारू, किंवा घरात नुकताच झालेला मृत्यू. अशा माणसाला वही देऊन वाट पाहायची नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्यापुढे उपजिल्हा रुग्णालय, आणि गरज पडल्यास रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. रत्नागिरीचं नाव काढलं की लोक बिचकतात, ‘तिथे गेला’ याचा गावात एकच अर्थ घेतला जातो. म्हणून आधी फोन, मग ओपीडी, या क्रमाने सांगायचं. ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं हेही स्पष्ट सांगायचं.

३ जून

आज सत्र नाही, फक्त नोंद. २०२० साली याच तारखेला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी झोपवून गेलं. या पट्ट्यात जूनच्या पहिल्या वाऱ्याला पत्रा वाजला की अजून कित्येकांच्या छातीत धडधडतं. याला काळजीच्या खात्यात टाकायचं नाही. काळजी उद्याची असते, ही धडधड जुन्या दिवसाची. ‘पत्रा उडाला तर’ असं वहीत लिहून ती शमत नाही, उलट तेच चित्र पुन्हा उभं राहतं.

त्यासाठी वेगळा उपाय, दोन मिनिटांचा. उभं राहून दोन्ही तळपाय जमिनीला टेकवायचे, टाचा दाबायच्या. आजची तारीख आणि साल मोठ्याने म्हणायचं. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, मग ऐकू येणारे चार आवाज, मग हाताला लागणाऱ्या तीन गोष्टी. आवाजांत पत्र्याचाही आवाज मोजायचा, तो टाळायचा नाही. साल म्हणण्याला विशेष अर्थ आहे : अशा वेळी शरीर पाच वर्षं मागे गेलेलं असतं, आणि डोळे-कान-हातांनी आजच्या वस्तू गोळा केल्या की ते आजवर येतं. बाहेर खरोखर वादळाचा इशारा असेल तर हा व्यायाम नंतर. आधी पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्यांचे (जे-हुकांचे) नट आवळून घ्यावेत.

५ जून : पहिलं सत्र. एका वाक्यात लिहिणं

आजचं काम एवढंच : एक काळजी, एक वाक्य. ऐकायला सोपं आहे, पण सगळ्यात जास्त अडतं ते इथेच. पहिल्या फेरीत वह्यांमध्ये आलं ते असं : ‘पुढचं काय होणार’, ‘पोराचं’, ‘बोट’, ‘सगळंच’. ही काळजी नव्हे, तिची पाटी आहे. पाटीवर काम करता येत नाही.

वाक्य घडवण्याचे प्रश्न चार, याच क्रमाने : कशाचं? त्याचं नेमकं काय? कधीपर्यंत? तसं झालं तर मग काय? एक उदाहरण फळ्यावर पूर्ण सोडवलं. सुरुवात ‘बोटीचं कसं होणार’. कशाचं? इंजिनाचं. नेमकं काय? गिअर बॉक्सचा पार्ट यायचाय, मिस्त्री थांबलाय. कधीपर्यंत? बसवायला आणि चालवून बघायला आठवडा लागतो, म्हणजे २० जुलैच्या आत हवा. मग काय? १ ऑगस्टला बोट पाण्यात जाणार नाही. शेवटचं वाक्य : ‘गिअर बॉक्सचा पार्ट २० जुलैपर्यंत आला नाही तर १ ऑगस्टला बोट पाण्यात जाणार नाही.’ या वाक्यात फोन कोणाला करायचा ते लपलेलं आहे. ‘बोटीचं कसं होणार’ यात काहीच लपलेलं नव्हतं.

अडचणी दोन. एका वाक्यात तीन काळज्या कोंबल्या जातात (‘आणि’ दिसला की वाक्य तोडा). दुसरी, काळजीऐवजी तक्रार लिहिली जाते. ‘भाऊ हिशेब देत नाही’ ही तक्रार. ‘भावाने गणपतीपर्यंत हिशेब दिला नाही तर व्यापाऱ्याचं देणं मला एकट्याला भागवावं लागेल’ ही काळजी. तक्रारीचं तोंड झालेल्या गोष्टीकडे असतं, तिच्यावर वेळ लावून काही निघत नाही.

ज्यांना लिहायचा सराव नाही त्यांच्यासाठी घरातली शाळकरी मुलं लिहून देतील असं एकीने सुचवलं. नको. मुलगा लिहायला बसला की आई त्याच्या कॉलेजच्या फीची काळजी सांगणारच नाही. त्याऐवजी चित्र-खूण : बोट, घर, पैसा, माणूस, तब्येत, अशा पाच खुणा, शेजारी तारखेचा आकडा. एवढ्यावर काम चालतं.

१२ जून : तीन ढीग

वाक्यं झाली की वाटणी. ढीग तीन : आजची, तारखेची, हाताबाहेरची.

आजची म्हणजे जिच्यावर आज किंवा उद्या काहीतरी करता येतं. तिच्यापुढे एकच पाऊल लिहायचं, त्यात क्रियापद, माणूस आणि वेळ हवी. ‘बँकेचं बघतो’ हे पाऊल नाही. ‘शुक्रवारी अकराला बँकेत जाऊन कर्ज बघणाऱ्या साहेबांना भेटणं, सोबत पासबुक आणि नौकेचे कागद’ हे पाऊल. याच काळजीवर नियमाची एक माहिती उपयोगी पडते : मुदतीच्या कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत वर्गातलं, होतं. बंदी ६१ दिवसांची आहे. म्हणजे बंदीआधीपर्यंतचे हप्ते वेळेवर गेलेल्या माणसाला बोलणी करायला जागा आहे, पण ती आपण आधी गेलो तरच. थकल्यावर बोलावणं येऊन जाणं आणि थकण्याआधी स्वतः जाणं, यात समोरच्याचा सूर वेगळा लागतो. पीककर्जाचे नियम निराळे आहेत, बागायतदारांनी हा आकडा स्वतःला लावू नये.

तारखेची काळजी हा ढीग नेहमीच्या ‘हातात आहे, हातात नाही’ वाटणीत सापडत नाही, म्हणून मुद्दाम वेगळा काढला. कोकणात तर हाच सर्वात मोठा. बागायतदाराचं उदाहरण घ्या : ‘पुढल्या हंगामात मोहोर आला नाही तर.’ मोहोर ठरतो नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, आज जूनमध्ये त्याचं काही होत नाही. पण हापूसला पॅक्लोब्युट्राझोल (मोहोर येण्यासाठीचं औषध) द्यायचा काळ साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. म्हणजे काळजीचं काम १५ जुलैला आहे, आज नाही. वहीत १५ जुलैचं पान काढून त्यावर ते लिहायचं आणि आजच्या पानावर काट मारायची. नुसतं ‘नंतर बघू’ म्हटलं की मन विश्वास ठेवत नाही, सारखं टोचत राहतं. तारीख आणि पान दिसलं की बऱ्याच अंशी थांबतं.

हाताबाहेरची : वारा, बाजारभाव, मुंबईतल्या मुलाची नोकरी, दुसऱ्याचा स्वभाव. हिच्याशी वाद घालायचा नाही. ‘असं काही होणार नाही’ अशी समजूतही नाही, कारण होऊ शकतं. फक्त एक ओळ : ‘झालंच तर पहिल्या दिवशी मी काय करेन.’ त्याच्या पुढचं लिहायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे बेत लिहायला लागलं की ती पुन्हा काळजीच होते, फक्त नीटनेटकी.

घोटाळा नेहमी एकाच बाजूने होतो : लोक हाताबाहेरच्या गोष्टी ‘आजची’मध्ये टाकतात. तपासणी सोपी आहे. पाऊल लिहिता येत नसेल, किंवा पाऊल ‘विचार करणं’, ‘लक्ष ठेवणं’, ‘देवावर सोडणं’ असं निघत असेल, तर तो ढीग चुकला.

१९ जून : काळजीची वेळ

पद्धत जुनी आहे आणि तपासलेली. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मांडली : रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी अर्धा तास काळजी करायची, एरवी आली तर त्या वेळेवर ढकलायची. कारण असं की काळजी दिवसभर कुठेही केली की प्रत्येक जागा तिची होते. चूल, न्हाणीघर, अंथरूण, एसटीची सीट. एका जागी बांधली की बाकीच्या जागा सुटतात.

आपल्याकडे २० मिनिटं ठेवली, सायंकाळी पाच वाजता. दिवेलागणीनंतर घरात माणसं आणि टीव्ही, आणि झोपेच्या आधीचे दोन तास तर नकोतच. जागा : पडवीची पायरी, विहिरीचा कठडा नको (निसरडा), झोपाळा नको (तो आरामाचा राहू द्या), अंथरूण कधीच नाही.

कृती अशी. दिवसात काळजी आली की तीन-चार शब्द टिपायचे. वही जवळ नसेल तर बोटावर मोजून ठेवा, ‘एक पार्ट, दोन फी’. स्वतःशी म्हणायचं, ‘पाचला.’ मग हातातल्या कामातली एखादी बारीक गोष्ट बघायची : जाळं विणताना गाठ, मासळी कापताना सुरीची धार, भाकरी थापताना कड. पाचला बसून टिपलेलं वाचायचं. जे आता काहीच वाटत नाही त्यावर काट, उरलेल्याचं वाक्य आणि ढीग. टायमर वाजला की उठायचं. वाक्य अर्धं राहिलं तरी उठायचं, उरलेलं उद्या पाचला. उठल्यावर लगेच अंग हलेल असं काम धरा : पाणी भरणं, गोठा, दुकानात जाऊन येणं.

काय बिघडतं :

‘पाचला’ म्हणणं आणि ‘विचार करायचा नाही’ म्हणणं यात गल्लत होते. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग यासाठी सांगितला. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा असं सांगितलं, तर लोक घंटी वाजवत राहिले. नंतर विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा तर पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही अस्वल जास्त वेळा आलं. दाबलं की उसळतं. पुढे ढकलताना दाबायचं नसतं, आलेल्याची नोंद घेऊन वेळ द्यायची असते.

पाच वाजता काहीच सुचत नाही, मग उकरून काढणं. अजिबात नाही. दहा मिनिटांत संपलं तर उठा. मात्र वेळ साधी गेली म्हणून दुसऱ्या दिवशी बसणं चुकवू नका, कारण मन ‘पाचला’ यावर विश्वास ठेवतं ते पाचला खरोखर बसल्यामुळेच. दोन-चार दिवस चुकले की दिवसाची काळजी परत दिवसभर पसरते.

पहिला आठवडा उलटा वाटतो. टिपायला लागल्यावर किती वेळा काळजी येते ते प्रथमच दिसतं, आणि ‘ही वही घेतल्यापासून वाढलंय’ असं लोक म्हणतात. वाढलेलं नसतं, मोजलं गेलेलं असतं. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं नाही तर वह्या परत येतात. मूळ अभ्यासही चार आठवड्यांचा होता, त्याआधी निकाल मागू नये.

२६ जून : सारखं बघणं

आज सकाळी आठला २५ ऑगस्टच्या गाड्यांचं आरक्षण उघडलं. गणपती २७ ला. आरक्षणाची मुदत आता ६० दिवसांची आहे, पूर्वी १२० होती. मुंबईतला मुलगा खेडपर्यंतचं तिकीट काढणार आणि इकडे आई सकाळपासून दर दहा मिनिटांनी ‘मिळालं का’ विचारणार. सत्राचा विषय आधी वेगळा होता, तो बाजूला ठेवून हाच घेतला.

सारखं विचारणं, सारखं बघणं हे काळजीचं खाद्य आहे. उत्तर मिळालं की दोन मिनिटं हलकं वाटतं, आणि मन शिकतं की हलकं वाटायला विचारावंच लागतं. पुढची टोचणी लवकर येते. म्हणून उत्तर चांगलं मिळूनही काळजी वाढते, हे लोकांना पटवायला सगळ्यात अवघड जातं.

हवामानाचं ॲप हे या किनाऱ्यावरचं मोठं उदाहरण. वाऱ्याचे नकाशे दाखवणारी ॲप ज्या जागतिक मॉडेलांवर चालतात, त्यातलं अमेरिकेचं जीएफएस दिवसातून चार वेळा चालतं, म्हणजे सहा तासांनी एकदा. आपल्या घड्याळात त्याच्या आरंभाच्या वेळा पहाटे ५:३०, सकाळी ११:३०, सायंकाळी ५:३०, रात्री ११:३०. गणित होऊन नकाशा फोनवर यायला त्यावर आणखी काही तास. मधल्या वेळात स्क्रीन वीसदा खाली ओढली तरी तेच आकडे. तेव्हा नेम असा : दिवसातून दोनदा, सकाळी एकदा आणि रात्रीच्या जेवणाआधी एकदा, प्रत्येक वेळी एकच ॲप. दोन ॲप उघडली की ती जुळत नाहीत, आणि तिसरं उघडलं जातं. बाहेर जायचं की नाही हे ठरवायला हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा धरायचा, ॲपचा रंग नव्हे.

गावच्या लोकांना हे समजायला देवळातला कौल पुरतो. मिळालेला कौल मानायचा ही रीत आहे. मनासारखा लागेपर्यंत लावत बसलं तर त्याला कौल कोण म्हणेल?

घरच्यांसाठीचा करार, लेखी : मुलाने पोचल्यावर ‘पोचलो’ एवढा एक मेसेज. आईने मधे फोन करायचा नाही. मेसेज ठरल्या वेळेनंतर तासभर आला नाही तर एक फोन. हा तास आधी ठरवायचा, काळजी चढल्यावर नाही. पावसात मुंबईची लोकल बंद पडते तेव्हा तास कमी पडतो, म्हणून जुलैपुरते दोन ठेवले.

३ जुलै : श्वास आणि सैल सोडणं

श्वास : नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला साधारण सहा श्वास, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब. लोक नेमकं उलटं करतात, ‘दीर्घ श्वास घ्या’ ऐकून छाती फुगवून भराभर घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. मुंग्या आल्या की श्वास लहान करा, मोठा नको. एक हात पोटावर, हलायला हवा तोच. दमा असलेल्यांनी मोजणी सोडून फक्त सोडणं सावकाश ठेवावं.

शरीर सैल सोडण्याची रीत एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बसवली. स्नायू आधी आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे सोडणं म्हणजे काय ते अंगाला कळतं. आवळणं पाच-सात सेकंद, सोडणं वीस सेकंद. सगळं शरीर घेतलं तर पंधरा-वीस मिनिटं जातात आणि पावसाळी दुपारी लोक झोपतात. त्यामुळे चारच ठिकाणं : मुठी, खांदे (कानापर्यंत उचलून), जबडा, पोटऱ्या. जाळी सांधायला तासन्‌तास मान घालून बसणाऱ्यांना खांद्यांत फरक लगेच कळतो. जबडा मात्र हळू, दात दुखणाऱ्यांनी वगळावा. पोटऱ्यांत गोळा आला तर आवळणं अर्ध्या जोराने. रक्तदाब असलेल्यांनी आवळताना श्वास कोंडायचा नाही.

या दोन्ही गोष्टी काळजी घालवत नाहीत. अंग शांत झालं की वाक्य लिहिता येतं, एवढाच त्यांचा भाग. श्वासावरच भिस्त ठेवणारी माणसं बँकेत जायचं टाळतात, हे लक्षात ठेवायचं.

११ जुलै : झोप

काल गुरुपौर्णिमा, सत्र आजवर आलं.

‘अंथरुणावर पडलं की सगळं आठवतं.’ दिवसभर कामात दडलेलं रात्री वर येतं, त्यात बेडूक, पागोळ्या आणि लाईट गेल्याने बंद पडलेला पंखा.

उपाय पहिला, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांच्या २०१८ च्या अभ्यासात ५७ तरुणांना निजताना पाच मिनिटं लिहायला दिलं होतं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी लवकर. नऊ मिनिटं हा काही चमत्कार नव्हे, पण खर्च पेन्सिलीचा आहे. ही यादी म्हणजे पाच वाजताचं काम नव्हे. इथे फक्त कामं, काळज्या नाहीत. वही मागच्या बाजूने उघडून तिथे लिहायची.

उपाय दुसरा, रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला. अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून माजघरात बसायचं, मंद उजेडात, कंटाळवाणं काम : तांदूळ निवडणं, सुपारीची साल काढणं. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. सकाळी उठायची वेळ मात्र तीच. घड्याळ बघायचं नाही, अंदाज पुरे. फोन बाहेरच्या खोलीत.

चहा : कॅफीनचा अर्धा अंश उतरायला सुमारे पाच तास लागतात. सातच्या चहातला अर्धा रात्री बारालाही अंगात असतो. चार-साडेचारनंतर चहा नाही, असं ठरवायचा प्रयत्न झाला. पावसात हे चालणारं नाही. तडजोड : पाचचा शेवटचा, पावडर अर्धी.

दारूविषयी आडपडदा न ठेवता सांगावं लागतं, कारण बंदीच्या महिन्यांत ती वाढते आणि ‘झोपेसाठी’ म्हणूनच वाढते. झोप लवकर लागते हे खरं. रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते, दोन-तीनला जाग येते आणि त्या वेळची काळजी सर्वात काळी असते. रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, क्वचित फिट येऊ शकते, डॉक्टरांना विचारूनच.

१७ जुलै : घरातली माणसं, आणि गाऱ्हाणं

काळजी सांगणाऱ्याला घरचे तीन गोष्टी करतात : समजूत घालतात, उपाय सांगतात, किंवा स्वतःची मोठी काळजी काढतात. तिन्हींमुळे सांगणारा गप्प होतो. सराव जोडीने घेतला, एक विचारणार, ‘ऐकू की सुचवू?’ दुसऱ्याने एकच शब्द सांगायचा. ‘ऐक’ म्हटलं तर पाच मिनिटं मधे बोलणं नाही, ‘हं’ चालेल. बायकांना जमलं. पुरुषांना ‘ऐक’ म्हणणंच जड गेलं; त्यांच्यासाठी कामात बसून बोलणं ठेवलं, जाळं सांधताना दोघं शेजारी, नजर जाळ्यावर. समोरासमोर बसवलं तर विषय क्रिकेटवर जातो.

गाऱ्हाण्याबद्दल प्रश्न आला : ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलंय, मग वही कशाला? गाऱ्हाण्याला प्रकल्पाने हात लावायचा नाही. उलट त्याची रीत बघण्यासारखी आहे : नावानिशी, मोठ्याने, चारचौघांत, अडचण एका दमात मांडायची, सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं आणि घरी जायचं. हाताबाहेरच्या ढिगासाठी असं कोणाकडे काही असेल तर ते तसंच चालू द्यावं. आजच्या ढिगातलं मात्र गाऱ्हाण्यात घालून घरी बसायचं नाही. हा फरक वयस्कर लोकांनीच आधी बोलून दाखवला.

२४ जुलै

२२ ला चिपळूणच्या पुराला चार वर्षं झाली. इथल्या बऱ्याच घरांच्या लेकी-बहिणी तिकडे दिलेल्या. नोंद छोटी : पुराची काळजी हाताबाहेरची, पण कागदपत्रं, औषधांची यादी, चार्ज केलेली बॅटरी आणि वरच्या माळ्यावरची पिशवी ही आजची. तिकडच्या घरी फोन करून ‘पाऊस कसा आहे’ विचारण्याऐवजी ‘पिशवी वर ठेवली का’ विचारावं. एकदाच.

३१ जुलै : बोटी जायच्या आधी

उद्यापासून मासेमारी खुली. काही बोटी लगेच जातील, काही नारळी पौर्णिमेला नारळ घालूनच.

आता काळजीचं रूप बदलतं. दोन महिने पैशाची होती, आता माणसाची. पाचची वेळही मोडते : हर्णैचा लिलाव सकाळी आणि संध्याकाळी, टोपली घेऊन जाणाऱ्या बायकांना पाच वाजता पायरीवर बसता येणार नाही. त्यांची वेळ दुपारी दीड, जेवण आणि भांडी झाल्यावर. बोटीवर वही न्यायची नाही. तिथे फक्त ‘बंदरात’ म्हणून ढकलायचं आणि किनाऱ्यावर आल्यावर दुसऱ्या दिवशी बसायचं.

बोट सुटण्याआधीची तपासणी एका पानावर, तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि घरचं एक माणूस अशा दोघांनी मिळून : माणशी एक लाईफ जॅकेट, व्हीएचएफ (बिनतारी संच) चालू, डिझेल, बर्फ, पाणी, औषधाची पेटी, खलाशांची नावं, परतीची अंदाजे वेळ, तटरक्षक दलाचा १५५४ नंबर. प्रत्येकापुढे टिक, खाली दोघांच्या सह्या. एक प्रत घरात. सही झाल्यावर पुन्हा तपासायला जायचं नाही. रात्री मनाने विचारलं, ‘जॅकेटं घेतली ना?’ तर कागद एकदा बघा आणि घडी घाला. परतीची वेळ उलटून गेली तर किती तासांनी कोणाला फोन करायचा, तेही त्याच कागदावर. मच्छीमार सोसायटी आधी, मग १५५४.

‘परतीची वेळ लिहू नये, अपशकुन होतो’ असं दोन-तीन घरांतून आलं. तिथे वेळेऐवजी ‘इतक्या बर्फाची बोट’ असं लिहिलं. किती बर्फ म्हणजे किती दिवस हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

७ ऑगस्ट

वह्या चाळल्या, ज्यांनी दाखवल्या त्यांच्याच. पुढच्या छपाईसाठी बदल : पानावर रकाने तीनच, ‘वाक्य’, ‘ढीग’, ‘पाऊल किंवा तारीख’. ‘काळजी किती मोठी, दहापैकी’ हा रकाना काढला. लोक आकडा ठरवण्यातच पाच मिनिटं घालवतात. तारखेच्या ढिगासाठी शेवटची बारा पानं महिनावार छापायची, आंब्याच्या आणि मासेमारीच्या तारखा आधीच घालून. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधायची.

टायमरची चावी खाऱ्या हवेने घट्ट होते, महिन्यातून एकदा खोबरेल नको (थिजतं), शिवणयंत्राचं तेल थेंबभर.

गणपतीच्या पंधरवड्यात सत्र नाही. पाहुण्यांनी भरलेल्या घरात वीस मिनिटं मिळायची नाहीत, तेव्हा दहा मिनिटं आणि एकच वाक्य एवढं ठेवा. पुढचं सत्र ११ सप्टेंबर, गुरुवार. येताना वही आणि बोटीचा सहीचा कागद आणायचा, दाखवायची सक्ती नाही.